भिंतीला टेकू नये

ठाण्यात मी पहिल्यांदा भाड्याने राहिलो, त्या घरात भिंतीला टेकायला बंदी होती.

माणसांना तर होतीच, पण छत्रीला, केरसुणीला आणि गुंडाळलेल्या वळकटीलासुद्धा होती. मी बिऱ्हाड घेऊन आलो त्या संध्याकाळी छत्री दाराशी उभी केली आणि सामान घ्यायला वळलो, तेवढ्यात घरमालक आतून आले. दारू पिऊन आलेल्या पाहुण्याला उचलावे तशी त्यांनी ती छत्री दोन बोटांनी उचलली आणि खुंटीला टांगली.

"टेकलेली वस्तू वाकते," ते म्हणाले.

"छत्री आहे हो," मी म्हटले.

"छत्री असली म्हणून तिला पाठ नसते का?"

घर नौपाड्याच्या बाजूला, कचेरी चालत जाण्यासारखी, आणि मी नुकताच नोकरीला लागलेला कारकून. मी गप्प बसलो. भिंतीपासून हातभर लांब.

पुढे रोज संध्याकाळी गंमत होई. मी वर्तमानपत्र घेऊन बसलो की पंधरा ओळींत माझी पाठ आपोआप मागे सरकू लागे. पलीकडच्या खोलीतून आवाज येई, "कारकून, भिंत." त्यांना दिसत नव्हते, मधे बंद दार होते. माझ्या सदऱ्याचा चुन्यावर घासल्याचा आवाज त्यांना ऐकू जाई. ते स्वतः खोलीच्या मधोमध एका बिनपाठीच्या चौरंगावर बसत. उंच, किडकिडीत, कोटाची गळ्यापर्यंतची बटणे लावलेले. त्यांना बायको फार लवकर सोडून गेली होती, मूलबाळ नव्हते. घरात ते, मी आणि साहेब लोक.

साहेब लोकांचे सांगतो.

मालक आयुष्यभर रेल्वेच्या नकाशाघरात होते. पट्टी धरायची आणि रेषा ओढायची, हे त्यांचे काम. तिथल्याच कुणा पुलाच्या साहेबाची मासे धरायची बांबूची काठी पावसाळ्यात दमटून वाकली. विलायतेला धाडायची म्हणजे ती परत येईपर्यंत साहेबाचीच बदली व्हायची. मालकांनी ती घरी आणली आणि सरळ करून दिली. मग कल्याणच्या बंगल्यांतून गवगवा झाला. त्या वेळी रेल्वेचे साहेब सुट्टीच्या दिवशी टिटवाळ्याला काळू नदीवर नाहीतर खडवलीला भातसई नदीवर गळ टाकून बसत. कुणाची काठी पेरात वाकलेली, कुणाची गाठीवर चिरलेली, कुणाची घोडागाडीच्या दारात सापडलेली. सगळ्या आमच्या मालकांकडे. नोकरी सुटल्यावर तेच त्यांचे काम झाले.

ते पाहण्यासारखे असे. परसात शेगडी पेटवायची, कोळसे लाल झाले की वर राख पसरायची, कारण ज्योत चालत नसे, नुसती धग हवी असे. काठीचे एकेक पेर त्या धगीवर भाकरी शेकणाऱ्या बाईच्या सबुरीने फिरवायचे. थोड्या वेळाने भाजलेल्या शेंगांसारखा वास सुटे. तो आला की बांबू सैल पडला. मग काठी बाजूला घेऊन बाकाच्या किंचित उलट बाजूला दाबून धरायची आणि ओल्या फडक्याने निववायची. निवेपर्यंत ते श्वाससुद्धा बेताने घेत.

"गरम असताना त्याला कशाचीच आठवण नसते," ते सांगत. "निवताना आपण धरू तेच त्याला जन्माचं वाटतं."

नंतर काठी डोळ्यांशी धरून, एक डोळा मिटून, ते बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहत. ही खोड त्यांना इतकी जडली होती की ते माणसांकडेही तसेच पाहत. देवळात, शिंप्याच्या दुकानात, पंगतीत. मला मुलगी सांगून आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी ओटीवर उभे करून असा डोळा लावला. ते गृहस्थ पाणीसुद्धा न पिता मिळाली त्या गाडीने परत गेले. मला स्थळ चांगले होते असे अजून वाटते.

घरातली सगळ्यात कोरडी, मोठी खोली काठ्यांना दिलेली होती. मला ओटीला लागून असलेली, पावसात तीन ठिकाणी भांडी मांडायला लागणारी खोली. आतल्या खोलीत काठ्या शेंड्याला दोरा बांधून आढ्याला टांगलेल्या असत, जमिनीपासून वीतभर वर. वारा आला की सगळ्या मिळून हळूच हलत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला आत नेऊन ओळखी करून दिल्या.

"हे पुलाचे साहेब. हात जड, पण मन मोकळं. हे तारेचे साहेब. मासा सुटला की काठी पाण्यावर आपटतात, बघा शेंडा कसा थकलाय. हे दाक्तरसाहेब. यांना घाई फार."

"यांच्या काठ्या इथे कशा?"

"सरळ करायला दिल्यात."

"झाल्या नाहीत अजून?"

"झाल्या की. न्यायला यायचेत."

पुलाचे साहेब कराचीला गेले होते. तारेचे ब्रह्मदेशात. दाक्तरसाहेब कल्याणच्या पटकीच्या साथीत गेले, हे गावात सगळ्यांना माहीत होते, मालकांनाही होते. तरी दर अमावास्येला ते प्रत्येक काठी खाली घेत, तेलाच्या बोटाने पुसत, डोळा लावत आणि पुन्हा टांगत. मी एकदा म्हटले की आता कोण येणार आहे? त्यांनी माझ्याकडे एक डोळा मिटून पाहिले.

"येतील. काठी ठेवून कोणी जात नाही."

त्या घरात त्यांच्याशी रोज बोलणारे माणूस एकच होते, आणि ते मी नव्हे. ती चेंदणी कोळीवाड्यातली कोळीण. सकाळी गल्लीच्या तोंडापासून तिची हाक सुरू होई आणि मी तोंड धुवायचे टाकून खिडकीशी जाई, कारण तसला तमाशा ठाण्यात दुसरीकडे पैसे देऊनही मिळाला नसता. ती पाटी उतरवायची, पायरीवर बसायची, आणि दाराच्या भिंतीला खुशाल पाठ टेकायची. मालक तिला कधी काही बोलले नाहीत. मी हे लक्षात ठेवले होते.

"बोय मासळी ताजी आहे का गं?"

"नाय. मागल्या साली धरलेली. तुमच्यासाठी ठेवलीय जपून."

मालक मासा शेपटीला धरून उचलत आणि डोळा लावत. "हा वाकडा आहे."

"मासा हाय तो मालक, रुळाचा तुकडा नाय."

"दुसरा दे."

"दुसरा पन वाकडाच. पान्यात रेघ कोनी मारून दिली न्हवती त्यांना."

मग भाव. भावात ती नेहमी जिंकायची. मालक मासळी घेऊन आत येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याचे समाधान असे.

एका पावसाळ्यात तिचा नवरा वारला. काही दिवस हाक आली नाही. मग आली, पण बारीक. मालकांनी भाव केला नाही, मासाही उचलून पाहिला नाही, देईल ते घेतले, दुप्पट घेतले. मी दोन्ही वेळा कालवण जेवत होतो आणि देवाचे आभार मानावेत की लाज वाटावी, हे मला ठरवता येत नव्हते.

पुढे एक दिवस तिने पाटीबरोबर लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक काठी आणली. तिच्या नवऱ्याची. नवरा जाळ्यावर जायचा, पण काठी त्याच्या शौकाची होती.

"खाली पीठ पडतंय," ती म्हणाली. "भुंगा लागलाय. भुंगा तेवढा मारा."

मालकांनी काठी दोन्ही हातांनी घेतली. साधा बांबू, साहेबांच्या काठीसारखी पितळेची नळी नाही की मूठ नाही, आणि मधल्या गाठीपाशी एका बाजूला चांगला ढळलेला. तो बाक पाहून त्यांचा डोळा चमकला, तो मी खिडकीतून पाहिला.

त्या दिवसापासून परसाचे दार बंद. कडुनिंबाचा धूर येत होता, मग भाजलेल्या शेंगांचा वास, मग रोगणाचा. साहेबांसाठी जपून ठेवलेला विलायती रेशमी दोरा त्यांनी त्या काठीच्या चिरेवर गुंडाळला. ते गुणगुणत होते. त्यांना गाता येते हे मला ठाऊक नव्हते, आणि ऐकल्यावरही तसे म्हणवत नाही. ज्या सकाळी काठी द्यायची, त्या सकाळी त्यांनी धुतलेला कोट घातला आणि हाक यायच्या आधीच दारात उभे राहिले.

ती आली. त्यांनी काठी उभी धरून तिच्यापुढे आणली. अगदी सुतात सरळ. उन्हात चकाकत होती.

तिने घेतली. मग डोळे मिटून बुंध्यापासून हात वर सरकवत नेला. एका जागी हात थांबला, मागे आला, पुन्हा वर गेला, अंधारात दाराची कडी चाचपावी तसा.

"हा बांबू कोनाचा?"

"कोणाचा म्हणजे? तुझाच. भुंगा गेला, आणि बघ, डोळा लावून बघ."

"यात बाक व्हता."

"होता तर. चांगलाच मोठा होता. काढला."

मालक अजून हसत होते. त्यांना कळायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"मालक, तो त्याचा व्हता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "खाडीच्या उघाडीवर बसायचा दुपारचा. बुंधा मांडीखाली, शेंडा पान्यात, आनि मेला झोपायचा. मासा लागला तरी झोपलेला. झोपून झोपून वाकवली त्यानं ती. मी शिव्या द्यायची. आता रोज हात लावायची मी त्या बाकाला. नायतर काठी ठेवलेली कनाला? मासं धराया?"

"मला वाटलं..."

"मी भुंगा तेवढा बोललेली."

तिने काठी त्यांच्या हातात परत दिली आणि पाटी डोक्यावर घेतली.

"ठेवा तुमच्या साहेबांत," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मालक वेळेवर थाळा घेऊन दारात बसले. गल्लीच्या तोंडाशी हाक आली, शेजारच्या दारात थांबली, तिथे भाव झाला, हसणे झाले. मग आमच्या दारावरून ती हाक न देता पुढे गेली. तिसऱ्या दिवशीही. इतर कोळणी आल्या तर मालक हातानेच नको म्हणत. आम्ही वरणभात खाऊ लागलो. मालकांनी अमावास्येला काठ्या खाली काढल्या नाहीत. मी एका संध्याकाळी मुद्दाम भिंतीला टेकून बसलो, चांगली दणकून पाठ लावून, आणि वाट पाहिली. पलीकडून काही आवाज आला नाही. मीच सरळ बसलो.

बाक परत आणायचा त्यांनी प्रयत्न केला. पुन्हा शेगडी, पुन्हा धग, आणि बांबू वाकवला. तो वाकला, पण मोरीच्या नळासारखा. त्यांनी हात फिरवला आणि मान हलवली. "हा आगीचा बाक," ते म्हणाले. काठी परत सरळ केली. बराच वेळ चौरंगावर बसून राहिले. मग मला हाक मारली.

"कारकून, तुम्ही सरकारी माणूस. चेंदणीला जा आणि विचारून या."

"काय विचारू?"

"कोणती मांडी."

वाचकहो, मी त्या वेळी बिनलग्नाचा होतो. कोळीवाड्यात भर सकाळी, बायका मासळी वाळत घालत असताना, एका विधवेला तिच्या नवऱ्याची मांडी कोणती, हे विचारायला सरकारने मला पगार दिला नव्हता. मी विचारले. बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारी म्हणाली, "काय रं, मामलेदारानं धाडलाय का?" आणि सगळ्या हसल्या.

ती एकटी हसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

"त्यांना कनाला पायजे?"

मालकांना उघाडीवर तसेच बसून बाक पुन्हा आणायचा आहे, हे मी सांगितले.

"डावी," ती म्हणाली. "आनि सांग तुझ्या मालकाला, तो झोपायचा. नुसता बसायचा नाय."

उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातली, खाडीचे पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी दारे. दुसऱ्या दुपारपासून मालक तिथे जाऊ लागले. कोट, पागोटे, खांद्यावर काठी. गळ कसा बांधतात हे ज्या माणसाला माहीत नाही, त्याने जन्मभर गळाच्या काठ्या सांभाळल्या होत्या. त्यांनी शेंड्याला दोरी बांधली आणि दोरीला धोंडा. मिठागरावरची माणसे टोपल्या ठेवून बघायला आली.

"काय धरता, मालक?"

"काही नाही."

"मंग धोंडा कसला लावलाय?"

"वजन."

"म्हातारा खुळावला," त्यांनी आपसात ठरवून टाकले आणि ते पुन्हा मीठ ओढायला गेले.

पण झोप येईना. आयुष्यात दुपारी कधी डोळा मिटलेला नव्हता, निदान दोन्ही नव्हते. संध्याकाळी ते उन्हाने लाल होऊन येत आणि मला म्हणत, "आज नाही लागली." जणू मासाच लागायचा होता. मी म्हटले, ताठ बसून झोप कशी लागेल? मागे उघाडीचा खांब असेल की नाही?

पुढे कचेरीला सुट्टी होती, तेव्हा मी बांधाने पाहायला गेलो. ओहोटी लागली होती. खाडीचा चिखल उघडा पडून उन्हात तकाकत होता आणि तिवराच्या मुळांत खेकडे फिरत होते. उघाडीपाशी मालक होते. पागोटे मांडीवर, कोटाची वरची बटणे उघडी, बुंधा डाव्या मांडीखाली, तोंड उघडे. पाठ खांबाला पूर्ण टेकलेली. मी त्यांना पहिल्यांदा टेकलेले पाहिले. एवढा सरळ माणूस टेकल्यावर किती लहान दिसतो, ते पाहून मला पुढे जाववेना. मी तसाच मागे फिरलो.

थंडी गेली, शिमगा गेला. ते रोज जात होते. बांबूने हळूहळू मान टाकली. मी म्हटले, आता तिला दाखवा.

"येतील," ते म्हणाले. साहेबांबद्दल म्हणायचे तसेच. मला ते ऐकून बरे वाटले नाही.

पण ती आली. मिठागरावरच्या माणसांच्या बायका आणि चेंदणीच्या बायका एकाच बाजारात बसतात, तिथून तिला सगळे कळले असणार. त्या दिवशी मीही तिथे होतो, मालकांची भाकरी घेऊन गेलो होतो. ती रिकामी पाटी काखेत घेऊन बांधावरून आली आणि झोपलेल्या मालकांसमोर उभी राहिली. मला तिने बोटानेच गप्प राहायला सांगितले. मग खाली बसली, आणि काठी त्यांच्या मांडीखाली होती तशीच ठेवून बुंध्यापासून हात वर सरकवत नेला. हात थांबला.

"हितं नाय," ती हळू म्हणाली. "त्याचा जरा वर व्हता."

"मालक उंचीने जास्त आहेत," मी कुजबुजलो.

"उंचीचं नाय. त्याची झोप गाढ व्हती. हे नुस्ती डुलकी काढतात."

तिने बुंधा धरून त्यांच्या मांडीखालून काठी थोडी मागे ओढली, नीट बसवली आणि उठली. जाता जाता मला म्हणाली, "उद्या बोय आनते. घरी असा म्हनावं."

मी मालकांकडे पाहिले. त्यांचा एक डोळा मिटलेला होता. दुसरा किंचित उघडा होता.

ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी जांभई देऊन जागे झाल्याचे सोंग केले आणि विचारले, "कोणी आलं होतं का?"

"आली होती. म्हणाली, बाक चुकीच्या जागी आहे."

"मला वाटलंच," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. या वेळी दोन्ही.

त्यानंतर माझी खिडकी पुन्हा सुरू झाली. आता तमाशात एक नवा प्रवेश होता. भाव झाला की मालक आतून काठी आणायचे. ती ओले हात लुगड्याला पुसायची, बांबूवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "नाय. अजून नाय." मग ते दुपारी उघाडीवर जायचे. एवढ्या वर्षांत ती कधी होय म्हणाली नाही. खरेच जमत नव्हते की ती होय म्हणत नव्हती, हे मी तिला विचारले नाही. मालकांनीही विचारले नसावे.

माझी कल्याणला बदली झाली. तिथे मी लग्न केले आणि घरभर भिंतीला टेकून बसलो. मालक गेल्याचे कळले तेव्हा चार-पाच दिवस होऊन गेले होते. मी ठाण्याला आलो तर घरात एक दूरचे नातलग दाराखिडक्या मोजत होते. आतल्या खोलीत काठ्या टांगलेल्या होत्या. साहेबांपैकी कोणी आले नव्हते.

"काय सरळ आहेत हो," नातलग म्हणाले. "धोतरं वाळत घालायला बऱ्या पडतील."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हाक आली. ती तिच्या वेळेला आली होती. पायरीवर पाटी उतरवली, नातलगांना काही न विचारता आत गेली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच जात असावी. तिने वर पाहिले नाही. डोळे मिटून एकेका काठीला हात लावत गेली, आणि काठ्या हलून एकमेकींवर वाजू लागल्या. पूल, तार, दाक्तर. मग तिचा हात थांबला. तिने शेंड्याचा दोरा सोडला आणि काठी घेऊन बाहेर आली.

मला राहवले नाही. "बाई, तो बाक तुमच्या माणसाचा नाही," मी म्हटले. "मालकांचा आहे."

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

पाटी डोक्यावर घ्यायला तिला दोन्ही हात लागणार होते. तिने काठी दाराच्या भिंतीला टेकवून ठेवली. माझा हात सवयीने खुंटीकडे गेला. मग मी तो खाली घेतला आणि तिला पाटी उचलू लागलो.